रोजची भाकर : ख्रिस्ती विश्वासातून दिवसाचा आनंद आणि पुढच्या पावलाची वाट

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत मराठी पवित्र शास्त्राने जो शब्द निवडला आहे, तो खानदेशी माणसाला कोणी समजावून सांगावा लागत नाही : "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." ज्वारी आणि उडीद एकत्र दळून आणलेले कळण्याचे पीठ डब्यात आठ-पंधरा दिवस राहते, भाकरी मात्र रोज थापावी लागते. विश्वासातून मिळणारा आनंद आणि मार्गदर्शन या दोन्ही गोष्टी अशाच रोजच्या रोज मिळतात, साठवता येत नाहीत, हे कळायला मला आयुष्याची बरीच वर्षे लागली. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला आहे, जे रविवारी उपासनेला जातात, पण सोमवार ते शनिवार त्या विश्वासाचे नेमके काय करावे हे ज्यांना उमगत नाही, त्यांच्यासाठी हे मुख्यतः लिहिले आहे.

निर्गम या पुस्तकाच्या 16 व्या अध्यायात अरण्यातील इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने रोज पुरवलेले अन्न, मिळतो, त्याचे नियम वाचण्यासारखे आहेत. प्रत्येकाने माणशी एक ओमर (त्या काळचे एक माप) गोळा करायचा, आणि सकाळपर्यंत त्यातले काही ठेवायचे नाही. काहींनी ठेवले, तेव्हा त्यात किडे पडले आणि त्याला घाण येऊ लागली. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करण्याची मुभा होती, कारण सातवा दिवस विसाव्याचा होता. आपण मात्र नाताळच्या किंवा एखाद्या मोठ्या प्रार्थना शिबिराच्या उत्साहावर पुढचे सहा महिने काढू पाहतो, आणि फेब्रुवारीत मन कोरडे पडले की आपल्या विश्वासातच काही खोट आहे असे समजून खचतो. खोट बहुधा विश्वासात नसून त्या साठवणुकीत असते.

आधी कोणता आनंद हवा ते ठरवावे

सुख आणि आनंद हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण पवित्र शास्त्र वाचताना त्यांच्यात फरक केलेला बरा. केळीला भाव मिळाला, मुलाला नोकरी लागली, दुखणे बरे झाले, की सुख वाटते, आणि ते वाटलेच पाहिजे. त्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. प्रेषित पौलाने "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा" असे लिहिले, तेव्हा तो बंदिवासात होता. फिलिप्पैकरांस पत्र अवघ्या चार अध्यायांचे आहे आणि एका बैठकीत अर्ध्या तासात वाचून होते. ते तसे सलग एकदा वाचावे, कारण भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेल्या सुट्या वचनातून त्या पत्रामागचा तुरुंग दिसत नाही. तो दिसला, की मन प्रसन्न असो वा नसो, ज्याच्यावर भार टाकला आहे तो बदललेला नाही, या खात्रीला पौल आनंद म्हणतो, हे लक्षात येते. असा आनंद मागायचा असेल तर त्याला वेळ आणि जागा द्यावी लागते.

सकाळची वेळ

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सकाळी दहानंतर डोक्याने काही काम करवत नाही, हे इथे सगळेच जाणतात. त्यामुळे आपल्याकडे पहाटेला पर्याय नाही. शेतकऱ्याने गोठ्यातले काम उरकल्यावर, गृहिणीने चूल पेटवण्याआधी, रेल्वेत पाळीने काम करणाऱ्याने आपल्या पाळीप्रमाणे जी वेळ निघेल ती, पंधरा मिनिटांची, पक्की ठरवावी. जागाही एकच असावी : ओट्याची कड, गच्चीचा कोपरा, कोठेही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. फोनवर शास्त्र वाचणे सोयीचे आहे याविषयी वाद नाही, परंतु वचन उघडता उघडता बाजारभावाचा निरोप दिसला की पंधरा मिनिटे त्याचीच होतात, असा माझा अनुभव आहे.

वाचन कोठून सुरू करावे, या प्रश्नावर अनेकजण अडतात. उत्पत्तीपासून सुरुवात करणारे बहुतेक लोक लेवीय पुस्तकात थांबतात, आणि तो त्यांचा दोष नाही. नवशिक्याने मार्ककृत शुभवर्तमान घ्यावे; त्याचे 16 अध्याय आहेत, रोज एक वाचला तर 16 दिवसांत येशूचे चरित्र डोळ्यांसमोरून जाते. त्यानंतर स्तोत्रसंहिता घ्यावी. तिच्यात 150 स्तोत्रे आहेत, म्हणजे रोज एक या हिशेबाने पाच महिने पुरतात. नीतिसूत्रांचे अध्याय 31 आहेत, त्यामुळे ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी तारखेचा अध्याय उघडावा. वाचताना मोठ्याने वाचावे. मग तीन प्रश्न विचारावेत : यात देव कसा दिसतो, माणूस कसा दिसतो, आणि आज संध्याकाळपर्यंत मला यातले काय करता येईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत वहीत लिहावे. 'मी अधिक प्रेमळ होईन' असे उत्तर लिहू नये. 'गड्याची उरलेली मजुरी आज देईन' असे लिहावे, म्हणजे रात्री ते केले की नाही हे तपासता येते.

प्रार्थना आपल्या बोलीत करावी. उपासनेत ऐकलेली संस्कृतप्रचुर मराठी घरीही वापरली पाहिजे असा एक गैरसमज आहे, आणि त्यामुळे अहिराणी बोलणारी आजी देवासमोर बसली की अडखळते. "देवा, माले वाट दखाड" ही संपूर्ण प्रार्थना आहे. नवापूरकडची मावची, साक्रीकडची कोकणी, सातपुड्यातली भिली किंवा पावरी, ज्या भाषेत माणूस झोपेत बोलतो त्या भाषेत त्याने देवाशी बोलावे.

गाण्याचेही तेच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ख्रिस्तचरित्र ओवीत बांधले, आणि नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग-भजनाच्या चालीत ख्रिस्ताची गाणी लिहिली. त्यामागे हीच जाण होती, की जे लयीत बसते ते काम करताना ओठांवर राहते. कापूस वेचताना किंवा भांडी घासताना एक भजन पाठ असले तर सकाळचे वाचन दुपारपर्यंत टिकते.

तक्रारीलाही जागा आहे

आनंदी ख्रिस्ती माणसाने कुरकुर करू नये, अशी शिकवण काही ठिकाणी दिली जाते. ती शास्त्राला धरून नाही. स्तोत्रसंहितेचा मोठा भाग विलापाचा आहे. तेरावे स्तोत्र "कोठवर?" या प्रश्नाने सुरू होते, आणि 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते, त्याला शेवटी आशेचे कडवे जोडलेले नाही. हबक्कूक या तीन अध्यायांच्या छोट्या पुस्तकाचा शेवट आमच्याकडे कापणीच्या आभारप्रार्थनेत वाचला जातो : अंजिराला फूल नाही, द्राक्षाला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. मेच्या अखेरीस एका वादळात केळीची उभी बाग आडवी झालेली ज्याने पाहिली आहे, किंवा बोंडअळीने पोखरलेली बोंडे ज्याने हातात घेतली आहेत, त्याला ही यादी परकी वाटत नाही. परंतु याच पुस्तकाची सुरुवात देवाविरुद्धच्या तक्रारीने होते, हे सहसा सांगितले जात नाही. हबक्कूक तिसऱ्या अध्यायातील आनंदाला पोहोचला तो पहिल्या अध्यायातील भांडण मोकळेपणाने मांडून. म्हणून नुकसान झालेल्या घरी जाऊन लगेच "प्रभूची स्तुती करा" असे म्हणू नये. त्याच्याबरोबर बसावे आणि त्याला पहिला अध्याय बोलू द्यावा.

खिन्नता दीर्घकाळ टिकली तर एलीयाची गोष्ट आठवावी. 1 राजे 19 मध्ये हा थोर संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवाने त्याला पहिल्यांदा उपदेश केला नाही. झोपू दिले, भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, ज्याला जगणे नकोसे वाटते, त्याने प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडे जावे, किंवा 14416 या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर बोलावे. तसे करण्याने विश्वास उणा ठरत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. हीच गोष्ट नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेलची किंवा मधुमेहाची : प्रार्थना करावी आणि गोळ्याही घ्याव्यात. 'गोळ्या सोड, म्हणजे तुझा विश्वास दिसेल' असे सांगणाऱ्या माणसाचे ऐकू नये, मग तो कितीही मोठ्या व्यासपीठावर उभा असो.

निर्णयाच्या वेळी

आमच्या शेतात कूपनलिका घ्यावी की नाही, हा प्रश्न असताना मी एक मूर्खपणा केला होता. डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडले आणि बोट ठेवले, ते उत्पत्तीच्या 26 व्या अध्यायावर पडले, जेथे इसहाकाचे चाकर विहीर खणतात आणि त्यांना झऱ्याचे पाणी लागते. यापेक्षा स्पष्ट उत्तर कोणते असणार, असे वाटून मी उसने पैसे काढले. तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडाला. पुढे तोच अध्याय शांतपणे वाचला, तेव्हा दिसले की इसहाकाला भांडणामुळे दोन विहिरी सोडून पुढे जावे लागले होते. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेत आधी चौकशी करणे हे त्या वेळी मला कमी आध्यात्मिक वाटले होते.

बोट ठेवून, चिठ्ठी टाकून किंवा देवाकडे खूण मागणाऱ्या गिदोनासारखी लोकर पसरून उत्तर मिळवण्याचा मोह आपल्यापैकी बहुतेकांना होतो. प्रेषितांनीही यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून केली, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहे. पण दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरल्यानंतर त्याच पुस्तकात पुन्हा कोणी चिठ्ठी टाकताना दिसत नाही. पंधराव्या अध्यायात यहूदीतर विश्वासणाऱ्यांविषयीचा अवघड प्रश्न येतो, तेव्हा ते एकत्र बसतात, पुष्कळ वाद घालतात, प्रत्यक्ष काय घडले ते ऐकतात, शास्त्र पडताळतात, आणि मग पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले, असे लिहून कळवतात. मला वाटते, घरातील निर्णयासाठी याहून चांगला नमुना नाही.

एक उदाहरण घेऊ. अमळनेरजवळच्या एका घरातील कर्त्या माणसाला सुरतेत कापडाच्या कारखान्यात काम मिळत आहे. गाडी थेट आहे, पगार बरा आहे, पण घरी म्हातारी आई आहे आणि मुलगी दहावीत आहे. त्याने पहिल्यांदा हे पाहावे, की या प्रश्नातील कोणत्या गोष्टी आधीच स्पष्ट आहेत. आईबापांचा मान राखणे ही आज्ञा आहे. ती पाळावी की नाही यासाठी प्रार्थना करायची नसते, ती कशी पाळता येईल यासाठी करायची असते. त्यानंतर हिशेब मांडावा. बुरूज बांधू इच्छिणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असे येशूनेच लूक 14 मध्ये म्हटले आहे. म्हणून खोलीचे भाडे, खानावळ, महिन्याचे दोन फेऱ्यांचे तिकीट, आईच्या औषधाचा खर्च हे सगळे कागदावर यावे. अनेकदा एवढ्यानेच अर्धा प्रश्न सुटतो.

मग सल्ला घ्यावा, आणि तो केवळ आपल्या मनासारखे बोलणाऱ्यांचा नसावा. पत्नीचे मत सर्वांत आधी, कारण मागे राहून घर तीच चालवणार आहे. आमच्या मंडळ्यांत हे मत शेवटी विचारले जाते किंवा विचारलेच जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे. आईशी बोलावे. पाळकांशी किंवा फादरांशी बोलावे, परंतु निर्णय त्यांच्यावर टाकू नये. सुरतेत आधीपासून राहणाऱ्या कोणाला तरी तेथे रविवारची मराठी उपासना कोठे होते, तेही विचारावे. त्यानंतर प्रार्थनेसाठी मुदत ठरवावी, समजा दहा दिवस. मुदत नसेल तर 'अजून प्रभूची इच्छा कळली नाही' या शब्दांआड माणूस वर्षभर लपून राहतो. या दिवसांत रोजचे वाचन जे चालू आहे तेच चालू ठेवावे, उत्तरासाठी वचने हुडकत बसू नये. दहाव्या दिवशी जे योग्य दिसेल ते करावे, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बसून ते तपासावे.

या सगळ्यानंतरही पूर्ण रस्ता दिसत नाही, ही गोष्ट स्वीकारावी लागते. 119 वे स्तोत्र वचनाला पावलांचा दिवा म्हणते. त्या काळचा दिवा म्हणजे तळहातावर मावणारी मातीची पणती. आपल्याकडे शेतीपंपाची वीज रात्री येते तेव्हा बॅटरी घेऊन मोटर सुरू करायला जाणारा शेतकरी हे नेमके जाणतो : त्या उजेडात विहीर दिसत नाही, बांधावरची पुढची दोन पावले दिसतात आणि वाटेत काही सरपटणारे असले तर ते दिसते. तेवढ्यावर तो विहिरीपर्यंत पोहोचतो.

मार्गदर्शन बरोबर असले की पुढे सगळे सुरळीत होते, हीही एक समजूत आहे. प्रेषित 16 मध्ये पौलाला आशिया या रोमी प्रांतात अडवले गेले, बिथुनियात जाऊ दिले नाही, आणि त्रोवस येथे रात्री दृष्टांत होऊन त्याला मासेदोनियाकडे बोलावणे आले. तो योग्य मार्गाने फिलिप्पैला गेला, आणि तेथे त्याला फटके मारून खोड्यात अडकवले. मध्यरात्री तो आणि त्याचा सोबती सीला प्रार्थना करीत व गीते गात होते. आनंदाचे ते चार अध्यायांचे पत्र पुढे याच गावच्या मंडळीला गेले, आणि ते वाचून दाखवले गेले तेव्हा त्याच रात्री विश्वास ठेवलेला तो तुरुंगाचा अधिकारीही बहुधा ऐकत बसला असेल, असे मला नेहमी वाटते.

एक सावधगिरी. "प्रभूने मला तुझ्याविषयी सांगितले आहे" असे म्हणून कोणी लग्नाचा, जमिनीचा किंवा पैशाचा निर्णय सुचवू लागला, तर त्याला नम्रपणे थांबवावे. सर्व गोष्टींची पारख करा, असे थेस्सलनीकाकरांना लिहिले आहे, आणि ज्या संदेशाच्या शेवटी देणगीचा आकडा येतो त्याची पारख दुप्पट करावी.

मंडळी आणि शेजार

घरी एकट्याने केलेली भक्ती रविवारच्या उपासनेची जागा घेऊ शकत नाही. दिवाळीनंतर आमच्याकडील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि महिनोन् महिने मंडळीपासून दूर राहतात. त्यांनी तेथे दोन-तीन झोपड्या मिळून आठवड्यातून एकदा अर्धा तास एकत्र बसावे. एक स्तोत्र, एक भजन, एकमेकांसाठी प्रार्थना एवढे पुरे. मागे राहिलेल्यांनी त्यांना आठवड्यातून एक फोन करावा.

शेजारी बहुधा दुसऱ्या श्रद्धेचे असतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, त्यांच्या लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाई देवी येते, आणि नाताळला आपल्या घरून फराळ त्यांच्याकडे जातो. सणातील नैवेद्य खावा की न खावा, याविषयी मंडळ्यांत एकमत नाही. पौलाने करिंथकरांस पहिल्या पत्रात आठव्या ते दहाव्या अध्यायांत यावर सविस्तर लिहिले आहे, ते वाचून प्रत्येकाने आपला विवेक ठरवावा आणि दुसऱ्याच्या विवेकाची थट्टा करू नये. शेजाऱ्याच्या घरी मयत झाली किंवा लग्न निघाले तर कामाला सर्वांत आधी उभे राहावे, याविषयी मात्र मतभेदाला जागा नाही.

रात्र, आणि चुकलेले दिवस

रात्रीची कुटुंबप्रार्थना दहा मिनिटांहून लांबवू नये. लहान मुले पेंगू लागली म्हणून त्यांना रागावणाऱ्या घरात ती मुले पुढे प्रार्थनेपासून पळतात. सकाळी वहीत लिहिलेली ओळ पाहावी. आभाराच्या तीन गोष्टी प्रत्येकाने सांगाव्यात, त्या त्याच दिवसाच्या असाव्यात : वांग्याचे भरीत चांगले झाले, एस.टी. वेळेवर मिळाली, आजोबांचा खोकला कमी आहे. रागात असताना सूर्य मावळू देऊ नये, असे इफिसकरांस पत्रात आहे. सूर्य तर मावळलेला असतो, निदान दिवा मालवण्याआधी ज्याच्याशी बोलणे तुटले असेल त्याच्याशी एक वाक्य बोलावे. क्षमा बापाने मुलाकडेही मागावी. माझ्या वडिलांनी ती माझ्याकडे एकदा मागितली होती, आणि त्यांची सगळी प्रवचने विसरलो तरी ती रात्र मी विसरलेलो नाही.

हे सगळे आठ दिवस नीट चालेल आणि नवव्या दिवशी मोडेल. लग्नसराई येईल, कापूस वेचणीची घाई येईल, कोणी आजारी पडेल, आणि वही पंधरा दिवस उघडली जाणार नाही. अशा वेळी राहिलेले पंधरा अध्याय एका दिवशी वाचून काढण्याचा प्रयत्न करू नये, आणि आधी पुरेसा पश्चात्ताप व्हावा म्हणून आणखी चार दिवसही थांबू नये. सकाळी उठून तोंड धुवावे, भिंतीवरची तारीख पाहावी आणि नीतिसूत्रांचा त्या तारखेचा अध्याय मोठ्याने वाचायला घ्यावा.